टॉवेलाचा पदर

“तुझं काम बोडखे करतो,” हे म्हणाले.

मी डब्यातून धपाटी काढत होते. “माझं कसलं काम?”

“बायकोचं.”

हात तसाच डब्यात राहिला. आम्ही चिंचेखालच्या बाकावर बसलो होतो. पुढं मिरचीचं रान, रानाला काटेरी कुंपण, तेही जनावरं शिरू नयेत म्हणून. माणसं पळू नयेत म्हणून तिथं काहीच नव्हतं. खुलं कारागृह म्हणतात ते हेच. जन्मठेपेचे जे कैदी मोठ्या तुरुंगात बरीच वर्षं नीट वागले त्यांना इथं आणतात, रानात राबवतात आणि राबण्याच्या बदल्यात शिक्षेत घसघशीत माफी देतात. ह्यांना आणून दोन महिने झाले होते. सगळं सुरळीत पार पडलं तर दीडेक वर्षात घरी. तसं मी गल्लीभर सांगूनही टाकलं होतं.

“नीट सांगा,” मी म्हटलं.

“मॅडम येतात दर गुरुवारी. सुटल्यावर बाहेर कसं राहायचं त्याची तालीम घेतात. कुणी दुकानदार होतं, कुणी कंडक्टर. बोडखे बायको होतो.”

“तुमची?”

“ज्याची पाळी असंल त्याची. पोरं त्याला वहिनी म्हणतात.”

“आणि ही वहिनी करते काय?”

“डोक्यावर टॉवेल घेतो. बसतो.”

“अन् तुम्ही?”

“मी बोलतो.”

आता हे वाक्य मला कसं लागलं ते कळायला आमचा संसार माहीत पाहिजे. माझा नवरा निवृत्ती खरात, हा माणूस लग्नाच्या पहिल्या वर्षातसुद्धा दिवसाला चार शब्दांवर गेला नाही. बांधाच्या भांडणात ह्यांच्या कुदळीचा घाव चुलतभावाला लागला आणि तो गेला, त्या दिवशीही घरी येऊन म्हणाले, “पाणी दे.” पुढं नऊ वर्षं जाळीच्या मुलाखती. त्यात मी बोलायचे आणि पलीकडून ‘हो’, ‘बरं’, ‘ठीक’ असं यायचं. तो माणूस बोलतो म्हणे. बोडख्याशी.

“काय बोलता?”

“असंच. सुचंल ते.”

“मला सांगा की एखादं सुचलेलं.”

ह्यांनी धपाट्याचा तुकडा मोडला. बराच वेळ चावला. “चांगलं झालंय,” म्हणाले.

आणि मग, जसं काही तोही धपाट्याचाच विषय आहे अशा आवाजात म्हणाले, “मी साहेबांना सांगितलंय. मला परत आत पाठवा.”

“कुठं आत?”

“तिकडं. मोठ्या तुरुंगात.”

तिकडं गेले की इथली माफी बुडाली. दीडाची पाच वर्षं झाली. तोवर चित्राचं लग्नसुद्धा उरकलं असतं आणि बापाला फोटो दाखवायला जाळीला चिकटवावा लागला असता. हे सगळं मी बोलले, मोठ्यानं बोलले, मिरचीच्या रानातले दोघं-तिघं वाकलेले सरळ झाले. गिरणी, गळका पत्रा, चित्राची दहावी, जावेचे टोमणे, सगळं बाहेर आलं. हे उठून उभे राहिले होते. “हो,” म्हणाले. “बरं.” मग, “इथली हवा मानवत नाही.”

“बोडख्याला मानवते वाटतं?”

ह्यांनी बाकावरचा चिंचेचा पाला झटकला.

“साहेब काय म्हणाले?”

“महिनाअखेरपर्यंत थांब म्हणाले. मॅडमनी सांगितलंय त्यांना.”

एखादी खरीखुरी बाई निघाली असती तर मला सोपं गेलं असतं. बाईशी कसं भांडायचं ते मला ठाऊक आहे. माझ्या पिठाच्या गिरणीवर रोज दोन-तीन भांडणं होतात, माझा हात बसलेला आहे. पण टॉवेल पांघरलेल्या कैद्याशी कोणत्या तोंडानं भांडायचं? एसटीत बसून गावी येईपर्यंत मी मनात बोडख्याला चार-पाच रूपं देऊन पाहिली. एकात तो गोरा होता. ते रूप फार त्रासदायक निघालं.

पुढच्या खेपेला मी आधी मॅडमच्या खोलीत गेले. अस्मिता मॅडम तिशीच्याही आतल्या, सर्दीनं नाक लाल झालेलं, टेबलावर हेल्मेट आणि हेल्मेटात रुमाल. मला वाटलं होतं चष्म्यातून बघणारी कुणी भारी बाई असेल. हिला बघून वाटलं, हिलाच आधी काढा करून द्यावा.

“बसा ना, खरातताई.”

“ह्यांना परत का जायचंय?” मी बसायच्या आधीच विचारलं.

“त्यांनी तुम्हाला काय सांगितलं?”

“हवा मानवत नाही.”

“मग मी त्याहून जास्त नाही सांगू शकत. ते इथं जे बोलतात ते त्यांचं असतं.”

“आणि ते कुणाचे असतात?”

मॅडम शिंकल्या. शिंक बरी वेळेवर आली त्यांना. मग म्हणाल्या, “ताई, भिंतीतून बाहेर आल्यावर पहिले काही महिने सगळ्यांनाच जड जातं. कुणी जेवत नाही, कुणी रानात गेलं की दिशा विसरतं. मी औषध देत नाही. फक्त घर कसं असेल त्याची सवय करून घेतो आम्ही. थोडी थोडी.”

“घर कसं आहे ते मला विचारा. बोडख्याला काय माहीत आमचं घर?”

“बघायचंय तुम्हाला?” मॅडमनी एकदम विचारलं. “सगळ्यांना विचारावं लागेल. ते हो म्हणाले तर गुरुवारी या. पण मध्ये बोलायचं नाही.”

“मी फारशी बोलत नाही,” मी म्हटलं.

मॅडमनी रुमाल तोंडाला लावला. सर्दी असली तरी हसणं मला कळतं.

त्या गुरुवारी मी मोरपंखी साडी नेसले. भाचीच्या लग्नात घेतलेली, एकदाच नेसलेली. केसांत अबोली माळली. चित्रा म्हणाली, “आई, तुरुंगात चाललीस ना?” मी म्हटलं, “हो, मग?” टॉवेल पांघरलेल्या कैद्यावर मात करायला निघालेय असं पोरीला कसं सांगणार.

कांदे साठवायच्या शेडमध्ये सगळे गोल बसले होते. पंधरा-वीस बाप्ये, पांढऱ्या कपड्यांत, आणि माझी मोरपंखी साडी. सगळे उठून उभे राहिले आणि मग कुठं बघावं ते न कळून कांद्यांकडे बघायला लागले. ह्यांनी मला पाहिलं आणि नजर खाली घातली. मला कोपऱ्यात स्टुलावर बसवलं.

मग बोडखे उठला. गोरा नव्हता. उंच, वाकलेला, पांढऱ्या भरघोस मिशा. खांद्यावरचा टॉवेल त्यानं डोक्यावर घेतला आणि कानामागं खोचला, आणि कुणी हसलं नाही. मी हसायची तयारी करून आले होते, मलाही जमलं नाही. तो मांडी घालून बसला, पुढ्यात सूप घेतलं आणि तांदूळ निवडायला लागला. तो पुरुष दिसत होता, पूर्ण पुरुष, तरी त्याच्या बसण्यात एक बाई होती. कशी ते मला आजही सांगता येणार नाही.

दोन खुर्च्या मांडून दार केलं होतं. हे त्या दारापाशी आले आणि थांबले. थांबून त्यांनी दोन्ही हात वर केले, खांद्याच्या रेषेत, बोटं पसरून. मला काही कळेना. मग कळलं. मोठ्या तुरुंगात प्रत्येक दारातून जाताना झडती होते. कैद्यानं दारात यायचं, हात वर करायचे, शिपायानं अंग चाचपायचं, मग पुढं. हे आपल्या घराच्या दारात झडतीसाठी उभे होते.

बोडख्यानं वर पाहिलंच नाही. तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. दुसरा काढला. “भाजी टाकलीय,” म्हणाला, हळू, भाजीइतक्याच आवाजात.

ह्यांचे हात खाली आले. हे आत आले, बसले. बोडखे निवडत राहिला. शेडमध्ये कुणी खोकत नव्हतं. आणि माझा नवरा बोलायला लागला.

“झोप लागत नाही,” म्हणाले. “रात्री बाहेरून कडी लावल्याचा आवाज येत नाही. नऊ वर्षं तो आवाज आला की डोळे मिटायचे. आता वाटतं, कुणीतरी विसरलंय. आत्ता येतील लावायला. तसाच पडून राहतो.”

“मग?” बोडखे म्हणाला.

“तिकडं होतो तेव्हा दार उघडावं लागत नव्हतं मला. कुणीतरी उघडायचं. काल संडासचं दार लोटलेलं होतं, मी बाहेर उभा राहिलो. एक पोरगं येऊन उघडून गेलं.”

“हं.”

“चित्राला नऊ वर्षं मी जाळीतूनच बघितलंय. मोठी झाल्यावरचं तिचं तोंड सगळं एकदम नाही बघितलं कधी. तुकडेतुकडे.”

बोडख्यानं सूप पाखडलं. नुसतं एकदा.

“आणि हिनं गिरणी चालवली,” हे म्हणाले. “पट्टा तुटला तर स्वतः बसवते म्हणे. मी घरी गेलो तर काय करू? दळणाचा डबा घेऊन रांगेत उभा राहिल्यासारखा उभा राहीन. हिला माझा काय उपयोग?”

आता मला कुणी सांगावं, कोणती बायको गप्प बसली असती. “गिरणीवर पाटी तुमच्या नावाची आहे,” मी म्हटलं. म्हटलं म्हणजे काय, माझा आवाज शेडच्या पत्र्याला लागून परत आला. “रोज पुसते मी ती. उपयोग म्हणे. रांगेत कशाला उभे राहाल, मी मेलेय का?”

हे ताडकन उठले. हात मांड्यांना चिकटवून, जाळीपाशी उभे राहायचे तसे, नजर माझ्या डोक्यावरून पलीकडं. “हो,” म्हणाले. “बरं. ठीक.”

तेव्हा मला दिसलं ते. जाळीपाशी एका वेळी दहा-बारा घरं उभी असतात, प्रत्येक घर आपल्या माणसाला ऐकू जावं म्हणून ओरडतं, आणि वेळ संपायच्या आत वर्षाचा संसार पलीकडं ढकलायचा असतो. ते मी नऊ वर्षं केलं. जाळी निघाली तरी मी जाळीतूनच बोलत होते. आणि मी तसं बोलले की हे आपोआप जाळीपलीकडं जाऊन उभे राहत होते.

बोडख्यानं टॉवेल काढून खांद्यावर टाकला. मॅडम म्हणाल्या, “आज इथं थांबू.”

बाहेर हौदापाशी बोडखे सूप धूत होता. मी सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

“लई छान करता हो माझं काम,” मी म्हटलं. “आमच्या घरची भाजीसुद्धा टाकता.”

“तुमची कुठं म्हाईत मला, बाई?” तो म्हणाला. वर न बघता. “मी आमचीच करतो.”

“मग आपल्या बायकोशी बोला की. माझ्या नवऱ्याला कशाला बोलतं करता? कुठं असतात त्या?”

“न्हाई ती.”

मी आवाज जरा खाली आणला. “कशानं गेल्या?”

बोडख्यानं सूप हौदाच्या कठड्याला उभं केलं, पाणी निथळायला. “माझ्या हातानं,” म्हणाला.

मी मागं सरकले. किती सरकले माहीत नाही, पण पाठ भिंतीला लागली. त्याचे हात मोठे होते, ओले होते, आणि मी त्यांच्याकडेच बघत होते. त्याला ते दिसलं. त्यानं हात टॉवेलात गुंडाळून घेतले.

“ती तांदूळ निवडत बसली हुती,” तो म्हणाला. “मी बोललो, ती बोलली न्हाई. मला वाटलं, मला मोजत न्हाई ही. एवढंच.” त्यानं टॉवेलाची गुंडाळी घट्ट केली. “मॅडमनी विचारलं, बायकोचं कोण करील? कुणी उठंना. मी उठलो. आता गुरुवारी बसवतो मी तिला तिथं. ही पोरं येतात, तिच्यापुढं बसतात, आवाज न चढवता बोलतात. तिला बरं वाटत असंल. मला ते जमलं न्हाई.”

मला त्याची कीव आली असं मी लिहिणार नाही. आली नाही. भीती वाटली, आणि राग आला, त्या बाईच्या वतीनं. आणि त्या सगळ्याच्या खाली, लाज वाटावी असा तोच जुना मत्सर होता, फक्त त्याचं माणूस बदललं होतं. इतके दिवस मी ज्याच्यावर जळत होते तो बोडखे नव्हताच. माझा नवरा मनातलं सगळं एका मेलेल्या बाईला सांगत होता, आणि ती माझ्याहून चांगली ऐकत होती.

आठवडाभर गिरणीत माझं लक्ष नव्हतं. एकीची ज्वारी दुसरीच्या डब्यात गेली. बुधवारी मी मॅडमना फोन केला. “उद्या मी बसते.”

“ताई, बोलायचं नाही बरं का.”

“दुसऱ्यांदा सांगू नका.”

या खेपेला रोजचीच साडी. शेडबाहेर बोडखे सूप घेऊन उभा होता. मी त्याच्यापासून हातभर लांब थांबले आणि विचारलं, “काय करायचं असतं?”

“काय न्हाई. निवडायचं.”

“नुसतं?”

“खडे खरे टाकलेत मी. खडे नसले की हात खोटे चालतात, माणसाला कळतं.” सूप माझ्याकडं केलं. मी घेतलं. बोटाला बोट लागू दिलं नाही, त्यानंही नाही.

मी बसले. हे खुर्च्यांच्या दारात आले. मला बघितलं आणि हात वर केले.

मी तांदळात बघत होते. माझ्या तोंडात त्या वेळी किती शब्द होते म्हणून सांगू. ‘अहो, या आत’ हा पहिला. ‘खाली घ्या ते हात, माझ्यानं बघवत नाही’ हा दुसरा. पुढं मग गिरणीच्या पट्ट्यापासून पोरीच्या दहावीपर्यंत रांग लागलेली. गिरणी बंद केली तरी जातं काही वेळ फिरतं, तसं माझं डोकं फिरत होतं. एक खडा काढला. दुसरा काढला. दुसरा खडा नव्हता, चांगला तांदूळ होता, मी तोही काढून टाकला.

किती वेळ हे तसे उभे होते देव जाणे. नंतर मॅडम म्हणाल्या, फार नाही. मला वाटलं पोरीचं लग्न होऊन नातवंडं झाली.

मग पावलं ऐकू आली. हे बसल्याचं मला सुपावर सावली पडली त्यावरून कळलं. मी वर पाहिलं नाही. आता झोपेचं बोलतील, कडीचं बोलतील, मी तयार होते. हे काहीच बोलेनात. माझी मान दुखायला लागली.

“जाड झालीस तू,” हे म्हणाले.

शेडमध्ये कुणीतरी श्वास घेतला. मी एक खडा काढला.

“केस पण गेलेत पुढचे.”

आणखी एक.

“मी तुला एवढ्या जवळून बघितलंच नव्हतं इतक्यात,” हे म्हणाले. “आधी आलीस तेव्हा तू बोलत होतीस, मग मला बघता येत नव्हतं. तू बोलायला लागलीस की वाटतं, वेळ संपत आली. शिपाई येईल.”

मला ‘मग?’ म्हणायचं होतं, बोडखे म्हणतो तसं. त्याऐवजी मी सूप पाखडलं. माझं पाखडणं बोडख्यासारखं नाही, थोडे तांदूळ ह्यांच्या मांडीवर उडाले. ते त्यांनी एकेक वेचले आणि सुपात टाकले. मग तिथंच थांबले नाहीत, तांदळात बोटं घालून खडे शोधायला लागले. आम्ही दोघं निवडत बसलो. वीस माणसांसमोर माझा नवरा माझ्या सुपात तांदूळ निवडत होता आणि मी एक शब्द बोलले नाही. कुणाला खरं वाटणार नाही, मॅडम साक्षीला आहेत.

“गिरणीला आवाज लई असतो?” ह्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं. नेमक्या ह्यांच्याएवढ्या आवाजात. “बरं आहे.”

नंतर आम्ही चिंचेखाली बसलो. महिना संपत आला होता आणि साहेबांना त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत काय ते सांगायचं होतं. राहायचं की परत जायचं. मी विचारलं नाही. विचारायचं नाही हे ठरवून मी डब्याचं झाकण लावत होते, काढत होते, लावत होते.

“काय करू?” हे म्हणाले.

नऊ वर्षं हा प्रश्न मी ह्यांना विचारत आले होते. मला पहिल्यांदाच कुणी विचारला. उत्तर तर माझ्याकडं तयार होतं, भरपूर होती उत्तरं. मी म्हटलं, “तुम्ही बघा.”

ह्यांनी पायात चपला सरकवल्या. मग उठले. “बोडख्याला विचारून येतो,” म्हणाले.

आणि गेले. मला तिथं बाकावर सोडून, सगळं झाल्यावर, माझी मान मोडेपर्यंत तांदूळ निवडल्यावर. बोडखे मिरचीच्या रानाच्या कडेला उकिडवा बसला होता. हे त्याच्याजवळ उकिडवे बसले. दोघांची डोकी एकत्र आली. हे बोलत होते, हात हलवून बोलत होते, माझ्यासमोर ह्यांचे हात कधी हलले नाहीत. बोडखे ऐकत होता. मग त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. चांगला वेळ घेऊन पाहिलं.

मी पदर सारखा केला. पाय जुळवून घेतले. तेव्हा लक्षात आलं की मी कशी बसलेय. मुलगी बघायला पाहुणे आलेत आणि पसंती त्यांच्यातल्या म्हाताऱ्याच्या हातात आहे, तशी. आणि हा म्हातारा कोण तर ज्यानं स्वतःच्या बायकोला. त्याच्या पसंतीची मी वाट बघत होते. असला अपमान माझा सासरीसुद्धा कुणी केला नव्हता, आणि मी हलले नाही.

हे परत आले. बाकावर बसले, आधीपेक्षा जरा जवळ.

“राहतो,” म्हणाले.

मी डबा पिशवीत घातला. पिशवीची गाठ मारली. मारून झाली तरी मारत राहिले.

“काय म्हणाला तो?” शेवटी मी विचारलंच.

“कोण?”

“तुमची ती वहिनी.”

हे हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. रानाकडं बघत, अगदी प्रामाणिकपणे आठवून सांगावं तसं सांगितलं.

“म्हणाला, बाई शिकतील. जरा वेळ लागंल, पण शिकतील.”